मदत हवी आहे: रविवारी धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, लहान मुलं सोबत

धुळेकर_मामा: ताई आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलीय. भाच्यांना किल्ला बघायचाय आणि मी हो म्हणून बसलोय. पाणी किती न्यायचं एवढंच सांगा. "उन्हात जाऊ नका" हे आई दिवसातून दहादा सांगते, ते नको.

सातपुड्याची_सून: मुलं किती, वयं काय, निघणार कधी?

धुळेकर_मामा: तीन. नाश्ता करून आठला निघू. पाणी किती?

कातळवाट: आठला निघालात तर उतरताना भर उन्हात सापडाल. वाटेवर सावली नावालाही नाही. मी गेल्या मे महिन्यात हाच शहाणपणा केला. लेक बसत बसत उतरत होती. एक हात खडकावर टेकायचा, चटका बसला की तो फुंकायचा आणि दुसरा टेकायचा. आता आम्ही पाचला घर सोडतो, साडेआठला परत गाडीत. पाणी मोठ्यांना माणशी ३ लिटर, पोरांना दीड, शिवाय गाडीत एक कॅन. वरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. "तहान लागली का" असं विचारायचंच नाही, दर पंधरा मिनिटांनी दोन घोट पाजायचे.

तोरणमाळप्रेमी: लळिंग कशाला? तोरणमाळला जा, गार हवा, तलाव.

कातळवाट: घाटात तीन पोरं ओकली की कळेल गार हवा.

खिशातला_कांदा: प्रत्येकाच्या खिशात एक कांदा. आमच्या सात पिढ्यांना ऊन लागलं नाही.

नर्सबाई_चाळीसगाव: कांदा कोशिंबिरीत घाला, खिशात नको. कैरीचं पन्हं मीठ घालून न्या. ओआरएसची पुडी १ लिटर पाण्यातच कालवा, अर्ध्या बाटलीत नाही. आणि मामा, वयं राहिली.

धुळेकर_मामा: ९, ५ आणि १० महिने. धाकटी बेबी कॅरिअरमध्ये माझ्या पाठीवर असेल. ती कुठे चालणारे, म्हणून नाही लिहिलं.

सातपुड्याची_सून: हे आत्ता सांगताय?

नर्सबाई_चाळीसगाव: तिला नेऊ नका. कॅरिअरमध्ये तुमच्या अंगाची ऊब, वरून ऊन, आणि ओढणी टाकली की वारा बंद. त्यात तिला तहान सांगता येत नाही. दोघा मोठ्या मुलांपैकी कुणाचं डोकं दुखलं, मळमळलं, नाहीतर उगाच किरकिर सुरू झाली की तिथूनच मागे फिरा. सावली, ओला पंचा, घोट घोट पाणी. मूल बरळायला लागलं किंवा गुंगीत गेलं तर अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

अहिराणी_भाऊ: धाकला पोऱ्हेसले उन्हमा कसाले लई जातस भो?

इतिहासवेडा: लळिंग खानदेशच्या फारुकी सुलतानांचा. त्यांची राजधानी पुढे बुऱ्हाणपूरला गेली, त्याचं कारण

कातळवाट: भाऊ, वेगळा धागा काढा.

खवय्या_जळगाव: उतरल्यावर धुळ्यात भरीत कुठे चांगलं मिळेल?

सातपुड्याची_सून: मे महिन्यात भरीत? हिवाळ्यात या.

धुळेकर_मामा: ठरलं. धाकटी आजीजवळ, आम्ही पाचला. ५ वर्षांचा मध्येच बसला तर तिथूनच परत. फक्त आदल्या रात्री रस-पुरणपोळीचं जेवण आहे, पाचला ताईला उठवायचं कुणी?

खिशातला_कांदा: नाकाशी कांदा धरा.