माज नाही, ऊन आणि घाई
रस्त्यावरची भांडणं म्हणजे नुसता पोरांचा माज, असं कुणीतरी लिहिलंय. अर्धवट पटतं. मी पन्नाशीचा, आणि परवा सोलापुरात सात रस्ता चौकात गाडी आडवी लावून मीच वाद घातला. सिग्नल हिरवा होऊन दोन सेकंद झाले नसतील, मागून हॉर्नवर हॉर्न. मे महिन्यातली दुपार, हेल्मेटमधला घाम डोळ्यात, सकाळपासून पोटात फक्त चहा. हॉर्नवाला "काय बे" म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. मग दिसलं, त्याच्या मागे म्हातारी आई बसलेली, हाताला सलाईनची पट्टी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोरच्याची अडचण आपल्याला दिसत नाही, म्हणून तो मुद्दामच करतोय असं वाटतं. (आपण चुकलो की मात्र 'घाई होती'!) उगाच हॉर्न वाजवण्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे, पावती फाटलेली मी तरी पाहिली नाही.

आता दहा मिनिटं आधी निघतो. कुणी कट मारला तर त्याच्याकडे बघतच नाही, नजरानजर झाली की पेटलंच. विजापूर नाक्यावर मात्र अजून जमत नाही, खोटं कशाला बोलू.