गुरुजींच्या वर्षश्राद्धाला काय करावे?

अंत्रुजवासी
सर्वांना नमस्कार. फोंडा तालुक्यातील आमच्या गावात चाळीसेक वर्षे गाणे आणि भजन शिकवणारे आमचे गुरुजी गेल्या आषाढात निवर्तले. वर्षश्राद्ध जवळ आले असून आम्हा शिष्यांत दोन तट पडले आहेत. एकाचे म्हणणे असे की सभागृह घ्यावे, पाहुणे बोलवावेत आणि ढाली द्याव्यात. दुसऱ्याला, म्हणजे मला आणि आणखी तिघांना, हे मनापासून पटत नाही, पण त्याऐवजी नेमके काय करावे, तेही सुचत नाही.

गुरुजी गाताना चूक दाखवत नसत. आम्ही आलापीत रंगलो की ते पेटीचा भाता हळूच थांबवत आणि बोटे पट्ट्यांवरून न उचलता आमच्याकडे बघत राहत. आवर्तन संपून समेवर आलो की भाता पुन्हा हले आणि आमचा षड्ज कुठे घसरला आहे, ते पडवीत बसलेल्या प्रत्येकाला ऐकू येई. याहून मोठी शिक्षा मी शाळेतही भोगलेली नाही.

त्यांच्या घरच्यांनी आम्हाला त्यांच्या सात वह्या आणि कॅसेटींनी भरलेली एक पत्र्याची पेटी दिली आहे. त्यांचे काय करावे, यावरही जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काळी पाच
आपल्या गुरुजींना आदरांजली. माझ्या बाईंच्या स्मृतिदिनी व्यासपीठावर अकरा माणसे बसली होती आणि गाण्याच्या वाट्याला वीस मिनिटे आली, तेव्हा आपली अस्वस्थता मी समजू शकते. माझे मत असे की त्याच पडवीत बसावे आणि प्रत्येकाने गुरुजींकडून शिकलेली पहिली चीज म्हणावी, मग तो आज विशारद झालेला असो की प्रारंभिकनंतर गाणे सोडून बँकेत लागलेला असो.

बाईंनी आम्हाला एकदा मे महिन्यात कुर्डीला नेले होते. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले हे गाव उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काही आठवडे उघडे पडते. गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म तिथे १९०४ साली झाला. घरांची जोती आणि भेगाळलेला चिखल यांपलीकडे बघण्यासारखे फारसे काही नव्हते. बाई तिथल्या एका जोत्यावर बसल्या, आम्हाला एकेक करून षड्ज लावायला सांगितला आणि कुणाकडूनही पुढचा स्वर काढून घेतला नाही. भाषणे मी सगळी विसरले. तो षड्ज मात्र आठवतो.

जवारी
सभागृहाला इतके हिणवू नये, असे मला वाटते. कला अकादमीच्या सुरश्री केसरबाई केरकर समारोहामुळे केसरबाईंचे गाणे कधीही प्रत्यक्ष न ऐकलेल्या पिढ्यांच्या कानावर त्यांचे नाव पडत राहिले. पडवीत तुम्ही जुने शिष्यच जमाल. गावातल्या मुलांनी काय करावे? ढाली तेवढ्या वगळा.

आता वह्यांविषयी, कारण खरी घाई तिथे आहे. स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा ठिपका तार म्हणजे वरचे सप्तक दाखवतो, तर पलुस्कर पद्धतीत तोच ठिपका मंद्र म्हणजे खालचे सप्तक दाखवतो आणि तार स्वरावर उभी रेघ येते. अनेक शिक्षक परीक्षेच्या सोयीसाठी एक पद्धत वापरत आणि स्वतःच्या टिपणांत दुसरी, किंवा दोन्हींची मिसळ करत. गुरुजींची सवय कोणती होती, हे त्यांच्यासमोर बसलेली माणसेच सांगू शकतील. म्हणून प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या आणि सर्वांत जुन्या शिष्याकडून ते पान गाऊन घेऊन ध्वनिमुद्रित करा. नुसत्या छायाचित्रांवरून पुढचा वाचक मंद्रातली जागा तारेत गाईल.

फितीवाला
कॅसेटींपुरते लिहितो. आपल्याकडचा पावसाळा फितीला मानवत नाही. कॅसेटच्या खिडकीतून बघा, गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवू नका, वेगळी ठेवा आणि जाणकाराकडेच द्या, कारण ती बुरशी यंत्रातून पुढच्या कॅसेटींना लागते. ज्या स्वच्छ असतील, त्यांच्या वरच्या कडेची दोन प्लास्टिकची टोके आधी मोडून टाका, म्हणजे चुकून त्यांच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. नंतर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून फीत सैल करून घ्या. संगणकावरची मूळ प्रत वेव्ह या न आवळलेल्या स्वरूपातच ठेवा. एमपीथ्री वाटण्यापुरती असावी.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मुद्रण करताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असतील तर फीत त्या वेळी मंद फिरलेली असते आणि आज नीट यंत्रावर तोच आवाज चढा व घाईचा ऐकू येतो. गुरुजींची पट्टी, म्हणजे पेटीवरचा त्यांचा षड्ज, काळी एक होती आणि कॅसेटमध्ये ती अर्ध्या स्वराने चढून पांढरी दोनला जात असेल, तर वेग दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या लयीविषयी कुणी मते बनवू नयेत.

अंत्रुजवासी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सभागृहाविषयीचे मत मला पूर्णपणे पटलेले नाही, पण गावातल्या मुलांचा मुद्दा टाळता येत नाही; पडवीसमोरच्या अंगणात मांडव घालावा आणि माईक लावू नये, इथपर्यंत दोन्ही तट आले आहेत.

वह्यांचे काम काल सुरू केले. तिसऱ्या वहीतील भूप रागातल्या चिजेच्या अस्ताईत, म्हणजे पहिल्या भागात, धैवतावर ठिपका आहे. मी तो तारेतला समजत होतो. आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ शिष्य, जे आता ऐंशीच्या घरात आहेत, त्यांनी पान न बघताच ती ओळ म्हटली आणि धैवत मंद्रात उतरला. कॅसेटींपैकी नऊंना बुरशी आहे. पहिली स्वच्छ कॅसेट रविवारी लावणार आहोत. तिच्यावर गुरुजींच्या अक्षरात ‘चवथ, पडवी, पाऊस फार’ एवढेच लिहिलेले आहे.