ट्यूनर बरोबर दाखवतो, तरी ई मेजरमधला गांधार चढा का लागतो?

खर्जसाधक (प्रश्न):
नमस्कार. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी इलेक्ट्रिक गिटार शिकायला घेतली आहे. त्याआधी बारा वर्षे गाणे शिकलो असल्यामुळे रोजचा रियाज तानपुऱ्यावर असतो. सहाही तारा ट्यूनर लावून काटेकोर जुळवतो. तरीही ई मेजर ही कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) छेडली की तिच्यातला गांधार, म्हणजे तिसऱ्या तारेवरचा पहिला फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी), स्पष्ट चढा ऐकू येतो. अँपवर (ध्वनिवर्धकावर) डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारी सोय, लावले तर ती कॉर्ड अक्षरशः कानाला टोचते. वाद्य घेतले त्या दुकानात विचारले, तेव्हा ‘सवय होईल’ एवढेच उत्तर मिळाले. दोष वाद्याचा आहे, हाताचा आहे, की माझ्या कानाचा?

सहातारी:
कानाचा नक्कीच नाही. ई मेजरमध्ये जाड तारेकडून बारीक तारेकडे अनुक्रमे षड्ज, पंचम, षड्ज, गांधार, पंचम आणि षड्ज वाजतात. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार तुम्ही बारा वर्षे ऐकत आला आहात, तो षड्जाच्या बरोबर सव्वापट असतो. चौथ्या तारेवरचा षड्ज १६४.८ हर्ट्झ धरला, तर तो गांधार २०६ हर्ट्झवर यायला हवा. गिटारचे फ्रेट मात्र सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसवलेले असतात, म्हणून तेथे २०७.६५ हर्ट्झ मिळतात. हा फरक सुमारे १४ सेंटचा, म्हणजे एका फ्रेटच्या साधारण सातव्या हिश्शाइतका आहे. पंचम त्या मानाने जवळजवळ निर्दोष, केवळ २ सेंट उतरा असतो. (संवादिनीवरही हीच तक्रार जुनी आहे, १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने त्या वाद्यावर बंदी घातली, त्यामागच्या वादात हाही मुद्दा होता.)

डिस्टॉर्शन लावल्यावर हा दोष का वाढतो, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या अवस्थेत अँप दोन स्वरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वरही निर्माण करतो. षड्ज आणि स्वयंभू गांधार यांची वजाबाकी ४१.२ हर्ट्झ, म्हणजे दोन सप्तके खालचा षड्जच येते. फ्रेटवरच्या गांधाराची मात्र ४२.८ हर्ट्झ येते, आणि तो खालचा स्वर अर्ध्या फ्रेटहूनही अधिक चढा असतो. तुम्हाला टोचते ते बहुतांशी हेच. म्हणूनच जड आवाजात वाजवणारे लोक गांधार गाळून केवळ षड्ज-पंचमाची ‘पॉवर कॉर्ड’ वापरतात: सहावी तार मोकळी, पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट, बाकीच्या तारा बोटाच्या पोटाने हलकेच दाबून गप्प.

जुनाफ्रेट:
वरचे गणित मान्य आहे, परंतु ते सर्वांच्याच गिटारला लागू आहे, आणि स्वच्छ आवाजातही इतके खटकत असेल तर त्यात हाताची किंवा नटची (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) भर पडलेली असण्याची शक्यता अधिक वाटते. इलेक्ट्रिकवरची तिसरी तार बहुधा साधी, विनागुंडाळीची असते, आणि नवशिक्याच्या जोरदार बोटाखाली तीच सर्वांत आधी चढते.

ट्यूनर समान भागांच्याच हिशेबाने चालतो, म्हणून तो येथे उत्तम साक्षीदार आहे. कॉर्ड नेहमीप्रमाणे पकडा, फक्त तिसरी तार छेडा आणि काटा पाहा. काटा मध्यावर राहिला, तर विषय वरच्या उत्तरापाशीच संपतो. उजवीकडे, म्हणजे चढ्याकडे, गेला, तर बोटाचा दाब कमी करत करत तार खरखरू लागेपर्यंत जा आणि तेथून किंचितच वाढवा. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लगटून ठेवलेत, तर एवढा दाब पुरतो. तरीही काटा उजवीकडेच असेल, तर तीच तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते पाहा. ती कागदाच्या जाडीपेक्षा ठळकपणे जास्त असल्यास नटची खाच उथळ आहे, आणि ती कानस स्वतः न चालवता जाणत्याकडून खोल करून घ्यावी. सुटी तार उतरवून ठेवण्याचा उपाय काही जण सांगतात. तसे केल्यास जी मेजरमध्ये तीच मोकळी तार षड्ज म्हणून उतरी लागते.

खर्जसाधक:
आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. माझ्या नेहमीच्या पकडीत काटा सुमारे १५ सेंट उजवीकडे होता, हलक्या बोटाने तो ३ ते ४ वर आला. फट कागदाएवढीच आहे. म्हणजे निम्मा दोष माझ्या मुठीचा होता. कॉर्ड आता सुसह्य वाटते, तरी स्वयंभू गांधाराची ओढ काही जात नाही.

सहातारी:
मग तो मींडेने घ्या. सहावी तार मोकळी वाजत ठेवा. दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर कोमल गांधार अनामिकेने धरा, मागे मधल्या बोटाचा आणि तर्जनीचा आधार द्या, आणि तार वर ढकलत शुद्ध गांधाराकडे न्या. नववा फ्रेट जो स्वर देतो त्याच्या किंचित अलीकडे दोन्ही तारांमधली थरथर विरून जाते, तेथे थांबा. ट्यूनर त्या वेळी बंद ठेवा.