मदत हवी आहे: बाबांच्या काखेत गोचीड चिकटली आहे, कशी काढू?

आम्ही दोडामार्ग तालुक्यातले. काजूचा हंगाम, बाबा सकाळपासून बागेत बोंडू गोळा करत होते. आता आंघोळीला गेले तर काखेत गोचीड. तिळाएवढी, तोंड कातडीत रुतलंय, मागचे पाय हलताना दिसतायत. शेजारचे काका म्हणतात रॉकेलचा बोळा लाव. आई उदबत्तीचा चटका द्यायला निघालीय. दोघांनाही थांबवलंय. आमच्याकडे माकडताप (गोचीड चावून होणारा विषाणूचा ताप) आहे म्हणून धास्ती जास्त. भुवयांचा प्लकर चालेल का? तोंड आत राहिलं तर? लगेच दवाखाना गाठायचा का?

प्रतिसाद १
प्लकरच हवा. टोकं स्पिरिटने पुसा. पोटाला धरू नका. अगदी कातडीलगत, तोंडाजवळ पकडा आणि सरळ वर, एकसारखा जोर लावून ओढा. पिळायचं नाही, हिसका नाही. कातडी जराशी वर उचलली जाईल, तसंच धरून राहा, सुटते. रॉकेल, चटका, नेलपॉलिश सगळं बाद. गोचीड डिवचली की पोटातलं जखमेत सोडू शकते. गुरांच्या गोचिडी चिरडतो तशी बोटांनी चिरडू नका, सेलोटेपमध्ये गुंडाळून टाका. मग जागा आणि हात साबणाने धुवा.

प्रतिसाद २
तुकडा राहिला आणि सहज निघत नसेल तर सुईने कोरत बसू नका, कातडी हळूहळू बाहेर टाकते.

माकडताप १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, आता आपल्या दारात आहे. तरी प्रत्येक गोचिडीत विषाणू नसतो, त्यामुळे आजच पळापळ नको. कॅलेंडरवर तारीख मात्र लिहा. साधारण ३ ते ८ दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंग ठणकणं, उलट्या सुरू झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर दुकानातून गोळ्या आणून दिवस काढू नका. आरोग्य केंद्रात गेल्या गेल्या 'गोचीड चावली होती' हे सांगा, म्हणजे रक्त त्या दिशेने तपासतील. यावर खास औषध नाही, वेळेवर दाखल होणं हाच उपाय. बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, वनखात्याला कळवा.

धागाकर्ता
निघाली, अख्खी! बाबा म्हणतात मुंगी चावल्याएवढंही दुखलं नाही. पण आता कानामागे दुसरी दिसतेय. कपड्यांचं काय करू?

प्रतिसाद १
तीही तशीच काढा. जांघ, गुडघ्यामागे, कमरेला, केसांत नीट बघा, बारकी पिल्लं खसखशीएवढी असतात. कपडे आधी उकळत्या पाण्यात घाला, खुंटीला अडकवू नका.