मदत हवी आहे: आक्षीच्या किनाऱ्यावरचे सँड प्लव्हर ओळखायचे कसे?

खाजणवाट: सप्टेंबरात अलिबागजवळच्या आक्षीला सँड प्लव्हरचे (किनाऱ्यावर चरणारे छोटे स्थलांतरित पक्षी) थवे दिसतात. त्यातला लेसर (लहान) सँड प्लव्हर कोणता, ग्रेटर (मोठा) कोणता हे ठरत नाहीये. त्यांच्यात मिसळलेला केंटिश प्लव्हर मानेमागच्या पांढऱ्या पट्ट्यामुळे वेगळा काढता येतो, पण बाकीचे सगळे सारखेच वाटतात. ८×४२ची दुर्बीण आणि ४०० मिमीची लेन्स आहे. संध्याकाळी ओहोटीला काढलेल्या फोटोंत पक्षी लांबवर, काळे येतात. स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी मोठे दाखवणारी एकनळी दुर्बीण) घ्यावाच लागेल का?

कांदळ: स्कोप नंतर बघा, आधी वेळ बदला. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे संध्याकाळी ऊन समोरून येतं आणि पक्ष्याची फक्त सावली दिसते. शिवाय ओहोटीला थवा पाण्याच्या कडेने दूर पांगतो. हवी आहे सकाळची चढती भरती: सूर्य पाठीशी, आणि पाणीच पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलतं.

त्यासाठी कोळ्यांचा हिशोब वापरा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. द्वादशीला ९, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा. दोन्ही पक्षांतले हे तीन दिवस सर्वात चांगले. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोचा, कोरड्या वाळूवर खाली बसा आणि हलू नका. चालत मागे लागलात तर थवा उडतो, आणि लांबच्या प्रवासाने थकलेल्या पक्ष्यांचं खाणं तुटतं. दहानंतर वाळू तापली की हवा थरथरते, मग भारी लेन्सही चोच धूसर दाखवते.

रेवदंडी: ओळखीचं सांगतो. पायांच्या रंगावर एकट्यावर निकाल देऊ नका. ग्रेटरचे पाय फिकट हिरवट-पिवळसर आणि लेसरचे गडद राखाडी हे खरं, पण चिखल लागला की दोन्ही सारखे. चोच बघा, आणि तीही पक्षी पूर्ण आडवा असताना. समोरून ती नेहमी आखूडच भासते. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर फोटोवर मोजा. चोच त्याहून स्पष्ट लांब आणि जाड असेल तर ग्रेटर, तेवढीच किंवा आखूड असेल तर लेसर. आपल्याकडे येणाऱ्या तिबेटी लेसरची चोच त्यातल्या त्यात लांब असते, म्हणून गफलत इथेच होते. अशा वेळी उडतानाचा फोटो कामी येतो: ग्रेटरची बोटं शेपटीच्या बाहेर डोकावतात. शटर १/२००० सेकंदावर ठेवा.

पाठीच्या पिसांना फिकट कडा, खवल्यांसारखी नक्षी दिसली तर ते यंदाचं पिल्लू. छातीवर तांबूस रंग उरलेला असेल तर प्रौढ. यावरून जात ठरत नाही, वय ठरतं.

खाजणवाट: आणि सुट्टी चतुर्थीलाच आली तर?

कांदळ: मग भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. उजाडताच जा; पाणी निम्म्याहून उतरलेलं असेल, पहिला तासभरच पक्षी त्यातल्या त्यात जवळ मिळतील. त्या दिवशी मोजणी करा आणि चोच नीट न दिसलेले पक्षी ई-बर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) नुसते ‘सँड प्लव्हर’ या एकत्रित नोंदीत टाका. चुकीच्या ग्रेटरपेक्षा ती नोंद उपयोगाची.