मदत हवी आहे: कुत्र्याला लिस्बनला न्यायचंय, पण लस आधी आणि चिप नंतर झालीय

नमस्कार मंडळी, मी फोंड्याची. मिस्टर मार्चपासून लिस्बनला नोकरीला आहेत, माझं तिकीट १८ सप्टेंबरचं, सोबत आमचा बाबलो. गावठीच आहे, लॉकडाऊनमध्ये मार्केटाजवळ सापडला तेव्हा ओंजळीत मावायचा, आता २२ किलोचा झालाय.

घोळ असा की रेबीजची लस दिली फेब्रुवारीत आणि मायक्रोचिप बसवली मे महिन्यात. मी दवाखान्यात विचारलेलं, काही फरक पडत नाही म्हणाले. काल नियम वाचत बसले तर युरोपला चिप आधी किंवा निदान त्याच दिवशी लागते, चिपच्या आधीची लस धरतच नाहीत. म्हणजे परत लस, मग किमान ३० दिवसांनी टायटर टेस्टचं (लसीने रक्तात पुरेशी अँटीबॉडी तयार झाली का ते बघणारी) रक्त, तेही युरोपने मान्य केलेल्या लॅबमध्येच, रिझल्ट ०.५ आययू प्रति मिली किंवा वर, आणि रक्त घेतल्या तारखेपासून ३ महिने थांबायचं, कारण युरोप ज्या देशांना यातून सूट देतो त्या यादीत भारत नाही. आज ५ जुलै, उद्या लस दिली तरी नोव्हेंबर उजाडतो. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित जाहीर झाला, पण नियम अख्ख्या देशाला, आपल्याला वेगळी सूट नाही.

सासूबाई म्हणतात तू हो पुढे, आम्ही मागाहून पाठवू. पण माझ्या आणि त्याच्या प्रवासात ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर कमर्शियल धरतात, सगळे कागद वेगळे. आणि खरं सांगू, मला त्याला ठेवून जायचंच नाहीये. क्रेट हॉलमध्ये आणून ठेवलाय तर यांचा जुना बनियन तोंडात धरून आत नेला आणि त्यावर हनुवटी टेकून झोपतो रोज. तिकीट पुढे ढकलतेय.

कोणी गोव्यातून या टेस्टचं सीरम (रक्तातला पातळ भाग) थंड ठेवून बाहेरच्या लॅबला पाठवलंय का, कसं पाठवलं? मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन ऑफिसात कुत्र्याला स्वतः न्यावं लागतं का? हेल्थ सर्टिफिकेट पोचण्याच्या आधीच्या १० दिवसांतलं लागतं, म्हणजे तेवढे दिवस मुंबईत कुत्र्यासकट कुठे राहायचं? गाडीने न्यावं की कोकण रेल्वेच्या फर्स्ट एसीने, तो कधी ट्रेनमध्ये बसलेला नाहीये.

उद्या सकाळी १० ला लसीला नेतेय. आधी रीडरने चिप वाचून १५ आकडी नंबर माझ्यासमोर पुस्तकात लिहायला सांगणार आहे. अजून काही त्याच वेळी करून घ्यायला हवं असेल तर प्लीज आज रात्रीच सांगा.