प्रति: अल्गोरिदम फक्त आरसा दाखवतो

‘माणसं मुळातच आपल्यासारख्यांत रमतात, सोशल मीडियाचं सॉफ्टवेअर तेवढंच दाखवतं’ असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. माध्यम-अभ्यासक वेंडी चुन यांनी ‘डिस्क्रिमिनेटिंग डेटा’ या पुस्तकात (२०२१) नेमका याच गृहीतकाचा माग काढलाय. (बाई आधी इंजिनिअरिंग शिकल्या, मग साहित्य, त्यामुळे कोडला घाबरत नाहीत आणि भुलतही नाहीत.)

या गृहीतकाला ‘होमोफिली’ म्हणतात, म्हणजे सारख्यांनी सारख्यांशी जुळणं; हा शब्द समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्ड आणि मर्टन यांच्या १९५४च्या निबंधातला. अमेरिकेतल्या दोन गृहवसाहतींमधली मैत्री त्यांनी तपासली; त्यातली एक गोऱ्या-काळ्यांची मिश्र वस्ती. सारख्यांची मैत्री केव्हा जुळते आणि केव्हा नाही, हा त्यांचा प्रश्न होता. वेगळ्यांशी जुळणाऱ्या मैत्रीचाही त्यात विचार होता. पुढे नेटवर्कचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रश्न गाळला आणि ‘सारखे सारख्यांशी जुळतात’ हे अर्धं उत्तर नियम म्हणून उचललं.

फेसबुकवरची ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ची यादी बघा. सामायिक मित्र जास्त असलेला वर येतो, आपण वरच्यालाच जोडतो, आणि ती जोडणी पुढच्या यादीचा पुरावा ठरते. याला आरसा कसं म्हणायचं?

हवामानबदलाची भाकितं आपण खोटी पाडायला वाचतो, तशीच अल्गोरिदमची भाकितंही वाचावीत, असं चुन म्हणतात. कल्पना छान आहे, पण या भाकितांवर जाहिराती विकणारे ती खोटी का पडू देतील?